कवळीवाले काका आणि बिनतिकिटाचा खेकडा

तो दगड मीच टाकला. पाहणारं कुणी नव्हतं, त्यामुळे कानांवर हात ठेवायला हरकत नव्हती. पण माझी उजवी बाही कोपराच्या वरपर्यंत भिजली होती, हॉलमधल्या फरशीवर खाऱ्या पाण्याचं तळं साचलं होतं, आणि त्या तळ्याच्या मधोमध मी उभा होतो. अशा अवस्थेत माणसाने फार युक्तिवाद करू नये.

हेतू चांगला होता. माझ्या ऑफिसातल्या एकाने घर बदलताना आपली समुद्री माशांची टाकी मोडली आणि त्यातला एक दगड मला दिला. भोकाभोकांचा, जांभळट पुटं चढलेला, हातात धरला की समुद्राचा वास येणारा. या शौकातले लोक त्याला ‘जिवंत दगड’ म्हणतात. मला वाटलं, प्रेमाने म्हणत असतील. आमच्या तळमजल्यावरच्या काकांची मोठी समुद्री टाकी आहे, त्यांना हा भेट द्यावा, आणि नुसता हातात न देता थेट पाण्यात ठेवून त्यांना चकित करावं, असं माझ्या मनाने घेतलं. काका आतल्या खोलीत एका दंतवैद्याशी फोनवर वरच्या जबड्याबद्दल हुज्जत घालत होते. मी बाही न सरसावताच हात घातला.

काका बाहेर आले. आधी माझी बाही बघितली, मग फरशी, मग टाकी.

“बादलीत ठेवला होतास का हा?”

“कुठल्या बादलीत?”

काकांनी डोळे मिटले. रागावले की ते डोळे मिटतात. समोरचा माणूस दिसेनासा झाला की त्यांना बरं वाटत असावं. “अरे, नवा दगड चार आठवडे वेगळ्या बादलीत ठेवायचा असतो. आत कोण कोण बिऱ्हाड करून बसलंय, आपल्याला काय माहीत?”

ते हे बोलत असतानाच माझ्या दगडाच्या एका भोकातून अंगठ्याच्या नखाएवढा एक खेकडा बाहेर आला. तपकिरी, पायांवर केस. बसमधून उतरलेल्या परगावच्या माणसासारखं त्याने दोन्हीकडे बघितलं, आणि मग कुणाचीही विचारपूस न करता तिरका तिरका चालत समोरच्या मोठ्या दगडांच्या रचनेत घुसला. दिसेनासा झाला.

“बघ,” काका म्हणाले. “बिनतिकिटाचा आला.”

काका कवळ्या करतात. चौतीस वर्षं. दंतवैद्य माणसाच्या तोंडाचे साचे पाठवतात, आणि काका आतल्या खोलीत बसून प्लास्टर, गुलाबी मेण आणि छोट्या दिव्याच्या संगतीने त्या साच्यांना दात बसवतात. त्या खोलीच्या फळीवर अर्ध्या गावाचे जबडे ओळीने मांडलेले असतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, सगळे मिळून मला हसताहेत. आता सवय झालीय. आता ते हसतात आणि मीही हसतो.

दात बसवण्याआधी काका गिऱ्हाइकाकडून तरुणपणीचा फोटो मागून घेतात. एका निवृत्त मुख्याध्यापकांना पांढरेशुभ्र, सरळ, कवायतीतल्या पोरांसारखे ओळीत उभे असलेले दात हवे होते. काकांनी त्यांचा लग्नातला फोटो भिंग लावून बघितला आणि पुढचा एक दात मुद्दाम जरासा वाकडा बसवला. मुख्याध्यापक भांडायला आले. बरोबर त्यांची बायको होती. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अगंबाई, हे परत आले.” भांडण तिथेच संपलं.

माणसाला काका चावण्यावरून ओळखतात. जिन्यात कुणी अर्धा खाल्लेला पेरू टाकला तर तो उचलून, दोन्ही बाजूंनी बघून, ते सरळ दुसऱ्या मजल्यावर जाऊन दार वाजवतात. काकू टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. त्या नुसत्या आवाजावरून माणूस ओळखतात. म्हणजे या घरात तोंड उघडून खोटं बोलायची सोय नाही आणि तोंड मिटून काही खायचीही नाही.

टाकी आली तीही या धंद्यातूनच. एका दंतवैद्याने दवाखाना बंद करताना बाहेरच्या खोलीतली टाकी फेकून द्यायचं ठरवलं होतं. काका साचे आणायला गेले आणि टाकी घेऊन आले. त्या वर्षी काकूंच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि त्या पाच महिने अंथरुणात होत्या. पलंगावरून दिसेल अशा जागी काकांनी टाकी मांडली. तिच्यात हिरव्या प्रवाळाचा एक तुकडा होता, शर्टाच्या बटणाएवढा. काकू म्हणाल्या, “हे जगलं तर मीही उठेन.” गमतीत म्हणाल्या; पण काकांनी ते गमतीत घेतलं नाही. अकरा वर्षं झाली. काकू उठल्या, हिंडू-फिरू लागल्या, आणि ते बटण आता परातीएवढं झालंय. चार दगडांवर पसरून त्याने चौघांना असं एकत्र चिकटवलंय की कुठला दगड कुठे संपतो ते कळत नाही.

माझा खेकडा नेमका त्या चार दगडांच्या पोटात शिरला होता.

दगडातून येणाऱ्या खेकड्यांचं काकांना चांगलंच कळतं. गावातले टाकीवाले खेकडे बरणीत घालून त्यांच्याकडे घेऊन येतात: एक औषधाच्या दुकानाचा मालक, एक वकीलबाई, एक बँकेतला कॅशियर. काका प्रत्येकाचं कार्ड करतात, आणि तेही दंतवैद्यांकडून आलेल्या छापील कार्डांच्या पाठीवर नव्हे, पुढच्या बाजूला. ‘रुग्णाचे नाव’ या ओळीवर ‘केसाळ, काळ्या टोकाचा’. ‘वय’ या ओळीवर रेघ. ‘तक्रार’ या ओळीवर ‘दोन गोगलगायी खाल्ल्या, तिसरीवर नजर’. मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतील तर पोहणारा, म्हणजे दरोडेखोर, बाहेर काढा. तोंडापाशी पिसांचे पंखे हलवत बसणारा असेल तर गरीब, राहू द्या.

“रंग बघायचा नाही,” ते सांगतात. “केसही बघायचे नाहीत. केसाळ माणसं काय वाईट असतात? नांग्यांची टोकं बघायची. कशाने खातो ते कळलं की काय खातो ते कळतं.”

पण नांग्यांची टोकं दिसायला खेकडा दिसायला हवा. आमचा तयार नव्हता. काकांनी एक काचेचा ग्लास दगडाला तिरका टेकवून ठेवला आणि तळाशी कोळंबीचा तुकडा टाकला. खेकडा आत उतरतो, गुळगुळीत काचेवरून वर चढता येत नाही, सकाळी आपण ग्लास उचलायचा. “भुकेला असला पाहिजे,” काका म्हणाले, आणि टाकीतल्या सगळ्यांचं खाणं त्यांनी निम्मं करून टाकलं.

काकूंना हे मुळीच पटलं नाही. टाकीत त्यांचा एक लाडका मासा आहे: गडद निळ्या अंगाचा, नारिंगी तोंडाचा, तळहातात मावेल एवढा. तिचं नाव बाईसाहेब. ती मादी आहे हे कुणी ठरवलं माहीत नाही, पण तिच्या चालण्या-वळण्यात तसा रुबाब आहे खरा. काकू काचेजवळ गेल्या की ती धावत येते आणि त्यांच्या बोटांतून खाते.

“अहो, बाईसाहेबांचं पोट आत गेलंय.”

“काही नाही गेलं. थोडे दिवस.”

“खेकड्याने केलं आणि हिला उपास?”

“सगळ्यांनाच आहे,” काका म्हणाले, आणि एका दमात माझ्याकडे वळून, “तुला चहा नको असेलच.”

खेकडा अंधारात फिरणारा. पण काका रात्री साडेनवाला झोपतात म्हणजे झोपतात. त्यामुळे आम्ही भर दुपारी रात्र केली. टाकीचे दिवे बंद, वरून जाड घोंगडी, आणि एका कोपऱ्यातून बघायला फट. खेकड्यांना लाल उजेड दिसत नाही म्हणे, म्हणून काकांनी कवळीच्या हिरड्यांसाठी वापरायच्या गुलाबी मेणाची पातळ पट्टी टॉर्चवर बसवली. त्या उजेडात सगळं कुणाच्या तरी तोंडात शिरून बघितल्यासारखं दिसायचं.

तिसऱ्या दुपारी तो बाहेर आला. काकांनी दोन दोऱ्यांना दोन घास बांधून सोडले होते, एकाला कोळंबी, एकाला वाळलेलं समुद्री शेवाळ. जे खाईल त्यावरून जात ठरणार होती. आम्ही श्वास रोखून बघत होतो. खेकड्याने शेवाळ खाल्लं. मी हात जोडले. मग त्याने कोळंबी खाल्ली. मग दोराही थोडा चघळून बघितला.

“याचा अर्थ काय, काका?”

“काही नाही. तुझ्यासारखा आहे.”

नांग्या त्याने तोंडापाशी अशा धरल्या होत्या की टोकं काही दिसली नाहीत. ग्लासात तर तो एकदाही उतरला नाही.

दहाव्या दिवशी प्रवाळावर पहिला डाग दिसला. हिरव्या मांसल अंगावर साबुदाण्याएवढं पांढरं. बाराव्या दिवशी पाच झाले. सोळाव्या दिवशी काकूंनी मोजायचं सोडून दिलं. मी जाता-येता डोकवायचो आणि प्रत्येक वेळी, दुसऱ्याच्या घरात काच फोडलेल्या पोरासारखा, दारातूनच “कसं आहे?” विचारायचो.

काकांनी एक दिवस मला आत बोलावलं आणि फळीवरच्या जबड्यांच्या देखत, हळू आवाजात सांगितलं, “हा मांसखाऊ असेल तर आज प्रवाळ खाईल, उद्या झोपलेले मासे. काढायलाच हवा. आणि काढायचा तर ते चार दगड फोडावे लागतील.”

“आणि प्रवाळ?”

काका छिन्नीला धार लावत होते. त्यांनी धार लावणं चालू ठेवलं.

रविवार ठरला. काकूंना सांगितलं तेव्हा त्या टाकीकडे पाठ करून भाजी निवडत होत्या. “फोडायचं तर फोडा,” त्या म्हणाल्या. “मी सकाळीच बहिणीकडे जाईन. मला ते बघायचं नाही.” आवाज अगदी सरळ होता, फोन जोडून देताना असायचा तसा. काका आत निघून गेले आणि बराच वेळ काही वाजलं नाही, दिवासुद्धा पेटवल्याचा आवाज आला नाही.

शनिवारी मी अपराधी भावनेने पहाऱ्याला बसलो होतो, आणि अकराच्या सुमाराला वाळूवर मला तो दिसला. उताणा. पाय वर. हलत नव्हता.

चांगली बातमी कशी सांगायची याचं मला भान राहत नाही. मी स्वयंपाकघरात गेलो, चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, “काकू, खेकडा वारला.”

काकूंनी गॅस बंद केला. “सुटलो बाई,” म्हणाल्या. मग जरा थांबून, “बिचारा. उपाशी मेला असेल.” मग मीही दोन शब्द बोललो: लांबून आला होता, ओळख ना पाळख, परक्या घरात एकटा. काकूंनी पदर डोळ्याला लावला नाही, पण हात पुसायच्या निमित्ताने हातात घेतला होता.

काका तेवढ्यात लांब चिमटा घेऊन आले. त्यांनी तो देह अलगद पाण्याबाहेर काढला, दिव्यासमोर धरला, आणि त्या देहातून पलीकडचा दिवा दिसला.

“वारला कुठे? रिकामा आहे हा. खेकडे वाढले की जुनं कवच सोडून नवं घालतात. याने कपडे बदललेत.”

मी माझी शोकसभा आवरती घेतली. काकूंनी गॅस पुन्हा पेटवला.

पण काका हसत नव्हते. ते त्या कवचाकडे असं बघत होते, जसं मुख्याध्यापकांच्या लग्नाच्या फोटोकडे बघितलं असेल. नखाएवढा खेकडा, पण नांग्या, सांधे, केस, सगळं जसंच्या तसं, आणि आता तो पळणार नव्हता. आत जाऊन त्यांनी दिवा लावला, गुलाबी मेणाची पट्टी कोमट केली, आणि चिमट्याने ती एवढीशी नांगी धरून तिची टोकं मेणावर हलकेच दाबली. गिऱ्हाइकाला ‘चावा’ म्हणतात, तसं. मग डोळ्याला भिंग लावलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघायचा प्रयत्न केला आणि माझा श्वास मेणावर पडतो म्हणून ओरडा खाल्ला.

“ये, बघ.”

भिंगातून मला समोरासमोर दोन अर्धगोल दिसले, नखं रुतावीत तसे.

“चमचे,” काका म्हणाले. “टोकं आतून खोलगट. मांस तोडणाऱ्याची टोकं सुईसारखी असतात, मेणात भोकं पडली असती. हा खरवडतो. दगडावरचं शेवाळ खरवडून पोट भरणारा प्राणी आहे हा. कोळंबी मिळाली तर खातो, पण ते आपण वाढली म्हणून.”

मला आनंदाने त्यांच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. पण ते उठून भिंगासकट टाकीपाशी गेले आणि काचेला नाक लावून प्रवाळावरचे डाग एकेक बघू लागले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कवचाची नांगी त्यांनी डाव्या हातात धरली होती, मधूनमधून इकडे बघत, मधूनमधून तिकडे.

“हे खरवडलेलं नाही,” ते शेवटी म्हणाले. “हे चावलेलं आहे. वर एक कड, खाली एक कड. वरचा ओठ, खालचा ओठ. खेकड्याला असं तोंडच नसतं.”

“मग कोण?”

काका घोंगडी घेऊन आले. या वेळी त्यांनी ती टाकीवर घातली नाही; दिवे चालू ठेवले, आमच्या दोघांच्या डोक्यावरून घोंगडी घेतली आणि डोळ्यांपुरती फट ठेवली. “माणूस दिसला की सगळे शहाण्यासारखे वागतात,” ते कुजबुजले. “दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर लोक सांगतात ना, सुपारी कधीच खात नाही. तसं.”

भर दुपारी, हॉलच्या मधोमध, एक साठीचा आणि एक चाळिशीचा माणूस एका घोंगडीखाली बसून होते. काकू बाहेर आल्या.

“अहो, हे काय चाललंय दोघांचं?”

“शू.”

“मला शू करू नका. कोण आलं तर काय सांगू मी?”

“आत ये, नाहीतर लांब हो. ती तुला बघतेय.”

“कोण ती?” काकूंनी विचारलं, पण काकांच्या आवाजात त्यांना काहीतरी ऐकू आलं असावं. त्यांनी स्टूल ओढलं, घोंगडीची कड उचलली आणि आत येऊन बसल्या. आत कांद्याचा, मेणाचा आणि घोंगडीचा मिळून वास येत होता. माझा पाय काकांच्या पायाखाली होता, पण ती बोलायची वेळ नव्हती.

पाच मिनिटं गेली असतील. बाईसाहेब काचेपाशी आल्या, बाहेर कुणी नाही हे बघितलं, दोन येरझारा घातल्या. मग सावकाश प्रवाळापाशी गेल्या, मान तिरकी केली, आणि नारिंगी तोंडाने एक लचका काढला. थोडं मागे सरकून चावल्या. मग दुसरा.

काकूंनीच लाडाने वाढवलेली ती, आणि काकूंचंच अकरा वर्षांचं प्रवाळ. मला वाटलं, आता काकू रडतील किंवा उठून जातील. काकांनी घोंगडी खाली ओढली. त्यांचे केस उभे राहिले होते.

“तिचा दोष नाही,” ते म्हणाले. “तिचं खाणं मी निम्मं केलं. भूक लागली, समोर होतं ते खाल्लं. मी खेकड्याला धरायला निघालो आणि इकडे हिला चोरी करायला लावली.”

एवढं सरळ कबूल केलेलं मी कुणाला ऐकलं नव्हतं; मी स्वतः तर दगडाच्या बाबतीत तीन वाक्यं फिरवून-फिरवून बोललो होतो. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“उद्या फोडणार होतात तुम्ही.”

“हो.”

“मी पहिल्या आठवड्यातच म्हटलं होतं, पोट आत गेलंय.”

“म्हटलं होतंस.”

“कवळीतला दात एवढासा इकडचा तिकडे झाला तर दिसतो. बायको बोलते ते ऐकू येत नाही.”

काका उठले, फ्रिजमधून बाईसाहेबांच्या खाण्याचा डबा काढला आणि काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो परत त्यांच्या हातात दिला. “तुम्हीच द्या. तुम्हीच उपाशी ठेवलंत.” काकांनी बाही सरसावली आणि पाण्यात बोटं घातली. बाईसाहेब लांबच राहिल्या. मग आल्या, आणि घास घेता घेता त्यांनी काकांच्या बोटालाही चावून घेतलं.

“बरं केलं,” काकू म्हणाल्या.

रविवारी काकू बहिणीकडे गेल्या नाहीत. छिन्नी फळीवर गेली. पोटभर खाणं सुरू झाल्यावर चावणं थांबलं, आणि दीड महिन्यात प्रवाळाच्या पांढऱ्या डागांवर कडेकडेने हिरवं चढू लागलं. खेकडा आता दिवसाढवळ्याही दिसतो. दगडावर बसून दोन्ही नांग्यांनी आळीपाळीने शेवाळ खरवडत असतो, भांडी घासायला बसल्यासारखा. काकू त्याला ‘पाहुणे’ म्हणतात.

परवा काकांनी त्याचं कार्ड पूर्ण केलं. ‘रुग्णाचे नाव: पाहुणे. तक्रार: नाही.’ खाली मेणाचा तो एवढासा ठसा चिकटवला होता. कार्ड वाचून माझ्या छातीवरचा मोठाच भार उतरला. शेवाळ कमी झालं होतं, प्रवाळ वाचलं होतं, काका-काकू एकाच घोंगडीत बसले होते. हिशेब केला तर सगळं माझ्यामुळेच झालं होतं. मी खुर्ची जरा पुढे ओढली.

“म्हणजे काका,” मी म्हणालो, “बारकाईने बघितलं तर मी काही वाईट केलं नाही. खेकडा निर्दोष निघाला, दगड निर्दोष निघाला, त्याअर्थी मीही तसा निर्दोषच, नाही का?”

काकांनी भिंग न काढता मान वर केली आणि मला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं.

“खेकड्याचं नक्की झालंय, तुझं अजून बघतोय.”